लातूर शहरात की गावात, छोटी डाळमिल कुठे टाकावी?

अनुदानाचा हिशेब पाहिला तर गावातच टाका. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेच्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना अनुक्रमे २५ आणि ३५. म्हणजे २० लाखांच्या मिलला खुल्या प्रवर्गात तीनऐवजी पाच लाख. पण हे पैसे हातात पडत नाहीत, बँकेत तीन वर्षं अडकून राहतात. आणि खरी ओढाताण खेळत्या भांडवलाची: तूर हंगामात रोखीनं घ्यायची, डाळीचे पैसे मात्र उधारीवर, सावकाश. बाजार समिती शहरात असल्यानं गाव फार लांबचं घेतलंत तर जादा अनुदान टेम्पोच्या भाड्यातच जिरेल.