प्रोजेक्टर नंतर बघा, आधी रेघ वाचायला शिकवा

तुमचा प्रश्न असा आहे: वेंगुर्ल्याजवळच्या गावात तुम्ही दहा-बारा अवकाशवेडे आहात. पुढचं यान चंद्रावर उतरेल, मग ते कुठल्याही देशाचं असो, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये शंभर-दीडशे गावकऱ्यांना एकत्र बसवून थेट दाखवायचंय. प्रोजेक्टर कुठला घ्यावा, नेट पुरेल का, आणि माणसं तासभर जागेवर बसतील का?

मी देवगड तालुक्यातला. असे कार्यक्रम आम्ही बरेच केले, त्यातले दोन मोठे. एक पार फसला, एक जमला. त्यावरून सांगतो की तिसरा प्रश्न पहिला घ्या. प्रोजेक्टर मिळतो हो कुठूनही.

फसलेला आधी. चांद्रयान-२ चा विक्रम, म्हणजे त्यातलं चंद्रावर उतरणारं यान, उतरणार होता ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दोनच्या आसपास. म्हणजे ६ तारखेची रात्र, गौरीपूजनाची. चाकरमानी सगळे घरी, खळ्यात, म्हणजे अंगणात, मंडप घातलेला, माणसं तशीही जागीच होती. आम्ही भजन एक वाजता थांबवलं, टीव्ही उचलून खळ्यात आणला आणि म्हटलं, बसा, आता चंद्रावर उतरताना बघा. एवढंच म्हटलं. चूक तिथेच झाली. लोकांना वाटलं क्रिकेटसारखं काहीतरी दिसणार. दिसत होते बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षात संगणकासमोर बसलेले शास्त्रज्ञ आणि मधूनमधून एक आलेख. दहा मिनिटांत आमची काकी म्हणाली, "ह्यां काय रे, निसती रेघ दाखवतंत!" अर्धी माणसं फुगड्यांकडे परत गेली.

उरलेल्यांनी पाहिलं की यानाची हिरवी खूण ठरलेल्या मार्गाच्या तांबड्या रेघेपासून जरा बाजूला सरकली आणि थांबली. कोणी बोलेना. मग इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितलं की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, त्यानंतर संपर्क तुटला. खळ्यात शांतता. काकीने विचारलं, "पडला की हरवला?" वाडीत सगळे मला 'यानवाला' म्हणायचे आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणीतरी टीव्ही बंद केला. मुलं रडकुंडीला आलेली. मी चहाचे पेले गोळा करत बसलो.

२०२३ ला ठरवलं की आधी रेघ शिकवायची. चांद्रयान-३ उतरायच्या आदल्या रविवारी शाळेतल्या मुलांना बसवून फळ्यावर तीन रकाने आखले: उंची, आडवा वेग, उभा वेग. बाकी काही नाही. यान ३० किलोमीटर उंचीवर असतं तेव्हा आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. हा आकडा नुसता सांगून कोणाला काही कळत नाही. मी म्हटलं, देवगडहून सरळ रेषेत मुंबई गाठायला त्याला तीन मिनिटं लागतील. जो चाकरमानी रात्रभर गाडीत पाय दुमडून येतो, त्याला हे बरोबर समजतं. मग हा सगळा वेग वीसेक मिनिटांत शून्यावर आणायचा. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट चालत नाही. इंजिनं उलटी पेटवूनच ब्रेक मारायचा. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या पर्सिव्हरन्सला निदान विरळ का होईना हवा होती, त्याने २१.५ मीटर व्यासाचं पॅराशूट उघडलं. इथे तीही सोय नाही.

टप्पे मुलांनी पाठ केले. पहिला मोठा ब्रेक ६९० सेकंदांचा, म्हणजे साडेअकरा मिनिटं. तो संपताना उंची ७.४ किलोमीटर आणि वेग सेकंदाला ३५८ मीटर. मग यान उभं वळायला लागतं, दुसरा बारीक ब्रेक १७५ सेकंदांचा. आठशे मीटरच्या आसपास आडवा वेग जवळपास संपतो. दीडशे मीटरवर यान हवेत (हवा नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) तरंगत थांबतं, खाली दगड-खड्डे आहेत का बघतं आणि मगच उतरतं. प्रत्यक्ष कार्यक्रमात सहावी-सातवीतल्या तीन मुलींनी पडद्यावरचे आकडे वाचून फळ्यावर लिहायचे, असं ठरवलं. त्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. लोक पडद्याकडे कमी आणि फळ्याकडे जास्त बघायला लागले. खोत आजोबा पुढच्या बाकावरून ओरडत होते, "उभो किती? उभो लिव!"

प्रश्न काय येतील ते आधीच सांगून ठेवतो. एक हमखास येतो: "थंय फोटो कोण काढता हा?" पडद्यावर यान बाहेरून दिसतं तेव्हा ते खरं चित्रण नसतं, यानाकडून येणाऱ्या आकड्यांवर हलणारं संगणकी चित्र असतं. चांद्रयान-३ ने उतरताना स्वतः टिपलेली चित्रफीत इस्रोने दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला दाखवली. हे आधी सांगितलं नाही तर नंतर एखादा हुशार माणूस सगळ्या गावात "ते कार्टून होतं" म्हणून सांगत फिरतो. दुसरा प्रश्न: मग बेंगळुरूवाले काय करतात? शेवटच्या वीस मिनिटांत जवळजवळ काही नाही, यान स्वतःच उतरतं. चंद्रावरून संदेश यायला सव्वा सेकंद, उत्तर पोचायला तेवढाच. तिथून कोणी स्टिअरिंग धरू शकत नाही. ते सगळे आपल्यासारखेच आकडे बघत असतात. हे ऐकल्यावर आमच्या हॉलमध्ये एकदम गंभीर वातावरण झालं, आणि मला वाटतं खरा कार्यक्रम तिथून सुरू झाला.

आता न आवडणारी गोष्ट. सुरुवातीलाच, हारतुऱ्यांच्या आधी, उभं राहून स्पष्ट सांगा की यान पडू शकतं. अशुभ बोलू नको म्हणून मला दोघांनी दटावलं होतं. पण आदल्याच शनिवारी, १९ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं होतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका जपानी कंपनीचं हाकुतो-आर गेलं. त्या यानाला वाटलं जमीन आली, प्रत्यक्षात ते पाचेक किलोमीटर वर होतं. तिथेच इंधन संपेपर्यंत तरंगत राहिलं आणि मग कोसळलं. ही गोष्ट मुलांना फार आवडते. मागच्या विक्रमचं काय झालं तेही सांगा: इंजिनांनी ठरल्यापेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, आणि उतरायला जागा दिली होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. तिसऱ्या वेळी ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, पाचाऐवजी चार इंजिनं ठेवली. काकीला तिचं उत्तर चार वर्षांनी मिळालं. पडलं तर कोण उठून काय बोलणार, हे नाव घेऊन ठरवून ठेवा. टीव्ही बंद करायचा नाही, हेही ठरवा.

शिवाय 'उतरलं' याचेही प्रकार असतात. जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम उतरलं, पण नाकावर. आकडे शून्यावर आले आणि पुढे बराच वेळ नक्की काय झालं ते कळेना. अशा वेळी माणसं उठून जातात. म्हणून चहा दोनदा ठेवा, एक सुरू होण्याआधी, एक उतरल्यानंतर. मध्ये अजिबात नाही. चांद्रयान-३ च्या दिवशी, २३ ऑगस्टला, आम्ही पावणेसहानंतर भजीची कढई बंद करायला लावली, कारण भजी आली की माणूस आकडा विसरतो. श्रावण होता, त्यामुळे खाण्यात बाकी घोळ नव्हता.

सामानाचं पटकन सांगतो. आपल्याकडे पत्र्याचं छप्पर आणि ऑगस्टचा पाऊस म्हटलं की आवाज हीच मोठी अडचण, चित्र नव्हे. लॅपटॉपचा आवाज पहिल्या रांगेलाही पोचणार नाही. भजनी मंडळाचा अँप्लीफायर आणि बॉक्स मागून घ्या, त्यांना विचारलं की आनंदाने देतात. चांद्रयान-३ उतरलं संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, तेव्हा बाहेर चांगला उजेड असतो. खिडक्यांना काळं कापड लावा. आम्ही पहिल्यांदा निळी ताडपत्री लावली तर सगळा हॉल माशांच्या टाकीसारखा निळा झाला. चाळीस-पन्नास माणसं असतील तर प्रोजेक्टरच्या मागे न लागता मोठा टीव्ही ठेवा.

जोराचा पाऊस आला की डिशचं चित्र जातं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे डिश आणि नेट दोन्ही जोडून ठेवा. नेटवर चित्र ४८०पी वर, म्हणजे कमी स्पष्टतेवर, आणा, आकडे तेवढ्यातही वाचता येतात. आणि शंभर माणसांचे मोबाईल विमान मोडवर टाकायला लावा, नाहीतर गावातला एकुलता एक टॉवर तुमच्याच प्रेक्षकांनी भरून जातो. इन्व्हर्टर आदल्या रात्री चार्ज करा आणि एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. आमचा बघितला तेव्हा पंखे चालू राहिले आणि प्रोजेक्टर बंद पडला, कारण तो प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवरच नव्हता.

परदेशी यान असेल तर वेळ नीट तपासा. ते जागतिक वेळेत किंवा आपापल्या देशाच्या वेळेत सांगतात; जागतिक वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे, आणि तारीख बदलू शकते. पर्सिव्हरन्सची तारीख सगळीकडे १८ फेब्रुवारी होती, आपल्याकडे ते १९ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उतरलं. आमचा एक मित्र १८ च्या पहाटे अडीचला गजर लावून उठला आणि रिकामा पडदा बघत बसला. आणि यूट्यूबवर 'लाईव्ह' लिहिलेले भलतेच लोक जुनं किंवा बनावट चित्र लावून बसलेले असतात. मोहीम ज्या संस्थेची, तिचाच चॅनल आधी शोधून ठेवा.

चंद्र त्या दिवशी कुठे असेल तेही बघा. २३ ऑगस्टला सप्तमी होती, संध्याकाळी अर्धा चंद्र दक्षिणेला चांगला वर. सगळं झाल्यावर आम्ही मैदानात आलो, ढग दोन मिनिटं फाटले, आणि मासेमारीला जाणाऱ्या एकाची दुर्बीण हातोहात फिरली. यान दिसणार नव्हतंच. पण चंद्राच्या खालच्या टोकाजवळ, किंचित उजवीकडे, उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्याच्या जरा अलीकडे बोट दाखवता आलं. तिथे तेव्हा नुकतीच सकाळ झाली होती. यान सौरऊर्जेवर चालतं, म्हणून मुद्दाम सकाळ गाठलेली, पुढचे १४ दिवस उजेड मिळावा म्हणून.

एक राहिलंच. नेटवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीपेक्षा वीस-तीस सेकंद मागे असतं. आमचा डिशवाला टीव्ही पावसाने गेला, आम्ही नेटवर आलो. फळ्यावर उंची दीडशे मीटर लिहिलेली, हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं, आणि शाळेमागच्या घरातून एकदम आरोळी आली आणि लवंगी माळ वाजली. त्यांची डिश चालू होती. माझी फळ्यावरची मुलगी खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, लिही, आपलं अजून उतरायचंय. तुम्ही शाळेच्या आसपासच्या घरांना आदल्या दिवशीच आमंत्रण द्या, आणि फटाके त्यांच्याकडून काढून घ्या.