थायलंडच्या शाळेची सुट्टी: परतीचं तिकीट एवढ्यात काढू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीच्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवलंस, आता थायलंडमधल्या एका सरकारी शाळेच्या इंग्लिश प्रोग्राममध्ये (म्हणजे इंग्लिशमधून विषय शिकवतात त्या विभागात) नोकरी लागली आहे, मे महिन्यात रुजू व्हायचंय. मार्च ते मे शाळा बंद असते म्हणे, तेव्हा त्या काळात तिथेच राहायचं की मुंबईला यायचं, एकटं वाटतं का, पगार मिळतो का, आणि आई म्हणते तसं सुट्टीचं तिकीट आत्ताच स्वस्तात काढून ठेवावं का.

मी पार्ल्याची. २०१५ च्या मेपासून २०१९ च्या मार्चपर्यंत खोन केनमध्ये गणितच शिकवलं. बँकॉकच्या ईशान्येला साडेचारशे किलोमीटरवर आहे ते. तीन उन्हाळी सुट्ट्या आणि चार ऑक्टोबरच्या सुट्ट्या पाहिल्या. वयाने लहान दिसतेस म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

आधी पैशाचं. तू ते मागे ढकललंयस, पण बाकी सगळं त्यावरच बेतलेलं असतं. सुट्टीतला पगार तुझा करार ठरवतो. दहा महिन्यांचे करार असतात, अकराचे असतात, बाराचेही असतात. मी पहिल्या वर्षी एका एजन्सीमार्फत गेले. कागदावर लिहिलं होतं, ‘एक शैक्षणिक वर्ष’. वर्ष म्हणजे बारा महिने, असा माझा पार्ल्याचा हिशेब. तिकडचं शैक्षणिक वर्ष साधारण १६ मेला सुरू होतं आणि मार्चच्या मध्यापर्यंत आटोपतं. मार्चचा पगार अर्धा आला, एप्रिलचा आलाच नाही. एजन्सीत फोन केला तर तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात मलाच माझ्या करारातलं कलम वाचून दाखवलं. पगार २५,००० बाट, बाट तेव्हा दोन रुपयांच्या आसपास, खोलीचं भाडं ४,५०० आणि वीज वेगळी. (गोऱ्या शिक्षकांना त्याच तासांचे आमच्यापेक्षा बरेच जास्त मिळायचे, आम्हाला आणि फिलिपिनोंना कमी. त्या विषयावर सुरू झाले तर हे उत्तर इथेच राहील.)

म्हणून सही करण्याआधी किती महिन्यांचा करार, असं विचारू नकोस. तारखा विचार. पहिला पगार कुठल्या दिवसापासून आणि शेवटचा कुठल्या दिवसापर्यंत. आणि सुट्टीत शाळेत हजर राहायचंय का, तेही लेखी घे.

कारण बारा महिन्यांच्या कराराचीही किंमत असते. दुसऱ्या वर्षी शाळेनेच मला थेट घेतलं, पूर्ण वर्षासाठी. मी खूश. मग कळलं की मार्चमध्ये मुलं घरी गेली तरी आपण सकाळी येऊन यंत्रावर बोट टेकवायचं आणि दुपारी पुन्हा टेकवून जायचं. मी त्याला खुर्ची राखणं म्हणायचे. दोन-तीन आठवडे नव्या प्रवेशाच्या परीक्षा आणि समर स्कूल, त्यात वेळ जातो. उरलेले दिवस तीन मजली इमारतीत तू, शिपाई आणि एसी चालू असलेली एकच खोली. मी त्या खोलीत पुढच्या वर्षाच्या सगळ्या वर्कशीट करून टाकल्या आणि थाई लिपीही शिकले. जे शिकत नाहीत ते मोबाइलवर मालिका बघतात आणि एप्रिलमध्ये चिडचिडे होतात.

दहा महिन्यांचा करार असेल तर सुट्टीत दुसरीकडे शिकवून भर काढू, असं मनात येईल. वर्क परमिटवर तुझ्या मालकाचं नाव असतं. कुणी ‘आठवड्याभराचा कँप आहे, रोख देतो’ म्हणालं तरी आधी परवान्याचं विचार.

आता कागदपत्रं. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि चूक झाली की महागात पडते. तिकडे राहण्याची परवानगी तुझ्या कराराला टांगलेली असते. करार मार्चमध्ये संपला की ती परवानगीही तिथेच संपते. त्यामुळे त्याच शाळेत परत जायचं असेल तर नवा करार हातात पडून मुदतवाढीचा शिक्का (माझ्या वेळी १,९०० बाट) पासपोर्टवर बसल्याशिवाय मुंबईचं विमान धरू नकोस. आणि देश सोडण्याआधी री-एंट्री परमिट काढायचं. एकदाच्या प्रवासाचं १,००० बाट, अनेकदाचं ३,८००. ते नसेल तर सीमेवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला की वर्षभराची परवानगी खलास. माझी एक फिलिपिनो मैत्रीण सुट्टीत एका दिवसासाठी नाँग खाईचा पूल ओलांडून लाओसला गेली. खोन केनहून सीमा दोनशे किलोमीटरसुद्धा नाही, आपण दादरहून पुण्याला जाऊन यावं तसं तिला वाटलं. संध्याकाळी परत आली ती टुरिस्ट म्हणून. व्हिसा पहिल्यापासून, वर्क परमिट पहिल्यापासून, शाळेतल्या ऑफिसच्या बाईंची आठ दिवस बोलणी, ते वेगळंच. सुट्टीत तिथेच राहिलीस तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं चुकवू नकोस, उशीर झाला की २,००० बाट दंड. आणि एप्रिलमध्ये सरकारी सुट्ट्या एकमेकींना चिकटून येतात, तेव्हा इमिग्रेशनचं काम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाक.

हिशेबाची आणखी एक बारीक गोष्ट. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तुझी सुट्टी बरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना पडते. भारतातले दिवस अनिवासी ठरण्यासाठी मोजले जातात, त्यामुळे एकाच सुट्टीचे दिवस दोन वर्षांत विभागले जातात. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेव, सीए विचारतोच.

आता मुख्य प्रश्न, राहायचं की यायचं.

पहिल्या वर्षी मी निकाल लावून दुसऱ्याच दिवशी पळाले. दहा महिने आईच्या हातचं खाल्लं नव्हतं. विमान साडेचार तासांचं, घड्याळात फरक दीड तासाचा, त्यामुळे आपण जवळच आहोत असं वाटत राहतं. पार्ल्याला पोहोचले तर घरात भाचीची दहावी. टीव्ही बंद, फोन हळू आवाजात, पाहुण्यांनी येऊ नये अशी आईची उघड इच्छा. भाऊ सीएच्या ऑफिसात, तो मार्चअखेरीस रात्री अकराशिवाय घरी येत नाही. माझ्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणी पेपर तपासत होत्या. सगळी मुंबई आठ सतराची लोकल पकडायला धावत होती आणि मी खिडकीत बसून तांदूळ निवडत होते. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या काकूंनी विचारलंच, ‘अजून इथेच का गं? सुटली का नोकरी?’

आणि मे उजाडला, मुलं मोकळी झाली, गावाला जायचे बेत ठरायला लागले, तेव्हा मी बॅग भरत होते.

परदेशातल्या शिक्षकाची ही खरी अडचण. आपली सुट्टी कुणाच्याच सुट्टीशी जुळत नाही. तिथे राहिलं तर शाळा ओस, इथे आलं तर सगळे कामात. एकटं वाटतं का विचारलंस, तर मला सगळ्यात एकटं भरल्या घरात वाटलं, त्या मार्चमध्ये.

गणपती तर विसरच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भर टर्म असते. ऑक्टोबरची सुट्टी तीन आठवड्यांची, १ नोव्हेंबरला शाळा सुरू. त्यात दिवाळी सापडली तर नशीब. माझ्या चार वर्षांत दोनदा सापडली. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पहिल्या वर्षी तुला वर्गातच काढावी लागणार. २०२७ ची २९ ऑक्टोबरला, ती मिळेल. आईला हे आत्ताच सांगून ठेव, फराळाच्या वेळी फोनवर सांगायची वेळ येऊ देऊ नकोस.

२०१६ ची दिवाळी मला मिळाली, पण कशी ते ऐक. १३ ऑक्टोबरला संध्याकाळी थायलंडचे राजे भूमिबोल गेल्याची बातमी आली. शाळेला सुट्टी होती, मी खोलीवर होते. खाली उतरले तर नूडल्सच्या गाडीवरची बाई रडत होती आणि तिच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईकही रडत होतं. दोन दिवसांत बाजारातले काळे कपडे संपले, लोक असलेले कपडे काळ्या रंगात बुडवून घेत होते. शाळेचा निरोप आला, वर्षभर काळा पोशाख. माझ्याकडे काळं म्हणावं असं एक छत्री सोडून काही नव्हतं. मग मी दिवाळीला मुंबईत आले आणि वसुबारसेच्या दिवशी दादरला जाऊन चार काळे कुर्ते घेतले. दुकानदाराने दोनदा विचारलं, ‘ताई, सणाला काळं?’ आई तर बोललीच नाही. संक्रांतीला काळं नेसतात एवढंच तिला मान्य. पिशवी तिने कपाटात न ठेवता गॅलरीत ठेवली, ती लक्ष्मीपूजन होईपर्यंत तिथेच होती. त्या वर्षी भाऊबीज १ नोव्हेंबरला आणि शाळाही १ नोव्हेंबरलाच. पाडव्याच्या पहाटे विमानतळावर भावाने गाडीतच ओवाळून घेतलं, काडेपेटी लावू देईनात म्हणून मोबाइलच्या टॉर्चने.

पुढच्या मार्चमध्ये मी पळाले नाही. शाळेचे तास भरले आणि सोंगक्रानपर्यंत, म्हणजे एप्रिलमधल्या थाई नववर्षापर्यंत थांबले. उकाडा भयंकर, पारा चाळिशीला टेकतो. घरमालक विजेचं युनिट स्वतःच्या दराने लावतो, म्हणून दुपारभर मी तळ्याकाठच्या नऊमजली देवळात नाहीतर मॉलमध्ये. शाळेचं कँटीन बंद, आणि तिथली मावशी एरवी माझ्यासाठी माशाचा सॉस न घालता भाजी परतून द्यायची, त्यामुळे सुट्टीत पहिला फटका पोटाला बसतो. खोलीवर राइस कुकर हवाच. त्यात खिचडी होते, उपमा होतो, एकदा मी पुरणही शिजवलं होतं. डाळी आणि पोहे बँकॉकच्या फाहुरात या भारतीय वस्तीत मिळतात. (शाकाहारी असशील तर ऑक्टोबर जरा सुखाचा. तिकडच्या चिनी वंशाच्या लोकांचा शाकाहाराचा नऊ दिवसांचा सण असतो, गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात. तो आणि आपलं नवरात्र जवळजवळ एकाच वेळी येतं. कांदा-लसूणसुद्धा नाही. मी पिवळं निशाण दिसलं की बिनधास्त बसायचे.)

सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल. फोटोंत पाण्याच्या बंदुका दिसतात, खोन केनच्या रस्त्यावरही तेच. पण मला स्टाफरूममधल्या एका बाईंनी त्यांच्या गावी नेलं. तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ओळीने बसवतात आणि धाकटे त्यांच्या ओंजळीवर सुगंधी पाणी ओततात, क्षमा मागतात, आशीर्वाद घेतात. आजींनी माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि विचारलं, तुमच्याकडे हे असतं का? मी म्हटलं, नाव तर तेच आहे, संक्रांत. आमची मकर, तुमची मेष. आमच्याकडे तिळगूळ, तुमच्याकडे पाणी. बाईंनी भाषांतर केलं त्यातलं किती पोहोचलं माहीत नाही, पण आजींनी आणखी एक दोरा बांधला. नंतर कैरीच्या फोडी आल्या, साखर-तिखटाच्या पुडीबरोबर. मी एकटीने अर्धी बशी संपवली.

त्या मुक्कामाने काय झालं, तर मे महिन्यात शाळेत परत गेले तेव्हा मी ‘इंडियातून आलेली टीचर’ राहिले नाही, त्या बाईंच्या घरी जेवून आलेली झाले. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर खाऊ यायला लागला. टाइमटेबल बदललं की मला आदल्या दिवशी कळायला लागलं, आधी मुलांकडून कळायचं.

आणि १८ एप्रिलला मुंबईत उतरले तर परीक्षा संपत आलेल्या, भाऊ मोकळा, आईच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि राखणीला माणूस हवाच होता. तीन आठवडे मिळाले, पुरले. पुढच्या वर्षीही तसंच केलं.

तेव्हा आईला सांग, सुट्टीचं तिकीट आत्ता नको. डिसेंबरमध्ये शाळेकडून लेखी तारखा घे, जानेवारीत नव्या कराराचं बोल, मग तिकीट काढ, सोंगक्रानची गर्दी ओसरल्यावरचं, १६ एप्रिलच्या पुढचं. तोपर्यंत हापूसचा भावही जरा उतरलेला असतो.