पर्वती न थांबता चढतो, मग बसमध्ये तोल का जातो?

प्रश्न : वय ७१, राहणार सदाशिव पेठ. रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढतो. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. हल्ली बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. पीएमपीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की हात दांडीपर्यंत पोचायच्या आत मी शेजाऱ्याच्या अंगावर! चालणं वाढवू का? आमची सौ. बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवा म्हणते. मला ते म्हातारपण भिंतीला टांगल्यासारखं वाटतं.

उत्तर : काका, चालणं भरपूर आहे. पर्वतीने दम टिकतो, मांड्या टिकतात. पण पर्वतीच्या पायऱ्या तुम्हाला अचानक हिसका देत नाहीत, बस देते.

हिसका बसला की पोटरी आपोआप आवळते. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूतूनच होते, मेंदूची परवानगी लागत नाही. वयाप्रमाणे ती जराशी उशिरा आणि क्षीण होते. पण खरं नुकसान पुढे आहे. स्नायूंतले झटपट जोर लावणारे तंतू आधी झिजतात, दमाने काम करणारे टिकून राहतात. म्हणून चढ जमतो, पण सावरायला पाऊल पटकन पडत नाही.

मला जास्त खटकलं ते बेसिन. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळवे-घोट्यांतल्या संवेदना, तिघं लागतात. तळव्यांकडची खबर मंदावली तरी डोळे सांभाळून घेतात, म्हणून कळत नाही. साबण लावून डोळे मिटले की पितळ उघडं पडतं. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, असं होतं का? वयाने थोडं होतंच, पण शुगरनेही नसा बधिर होतात. गोळी मेटफॉर्मिनची असेल, त्यातून शाकाहारी असाल, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्याच; ते कमी पडलं तरी नसा बधिर होतात.

व्यायाम ओट्याला धरता येईल असं उभं राहून करा. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद थांबायचं. खुर्चीतून हात न टेकता झटकन उठायचं, बसायचं मात्र सावकाश. मग काकूंना हुकूम सोडू द्या: ‘डावीकडे!’, ‘मागे!’ त्या दिशेला लगेच पाऊल टाकायचं. (त्यांना हा व्यायाम फार आवडेल.) डोळे मिटून काही करायचं ते फिजिओथेरपिस्टसमोरच.

दांडीच्या बाबतीत मी काकूंच्या बाजूने. भिंतीत पक्की बसवलेली हवी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, ती हातात घेऊनच माणूस खाली येतो.

पत्रात कुठे पडल्याचा उल्लेख नाही. पुरुष मंडळी सहसा तो करतही नाहीत. पडला असाल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना भेटा आणि गोळ्यांची अख्खी पिशवी सोबत न्या. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो.