करारात ‘संवेदनशील’, मग पिंजरे कसे?

प्रश्न : युरोपीय संघाच्या करारात प्राण्यांना संवेदनशील जीव म्हटले आहे. तरीही तिथे कोंबड्या पिंजऱ्यात कशा?

उत्तर : तुम्ही म्हणता ते कलम १३, संघाच्या मूळ करारांत बदल करणाऱ्या लिस्बन करारामुळे १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेले. शेती, मासेमारी, वाहतूक अशी धोरणे आखताना प्राणिकल्याणाचा पूर्ण विचार करा, एवढेच ते सांगते. ते कशावर बंदी घालत नाही, की नवा कायदा करण्याचा अधिकारही देत नाही. शेतीतल्या प्राण्यांविषयीचे कायदे होतात ते मुख्यतः त्याच करारातल्या शेती धोरणाच्या कलम ४३ खाली.

अंड्यांच्या कोंबड्यांविषयीचा निर्देश तर १९९९ चा, लिस्बनच्याही आधीचा. साध्या पिंजऱ्यात कोंबडीमागे किमान जागा होती ५५० चौ. सेंमी, म्हणजे ए-४ कागदाहून कमी. हे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. सुधारित पिंजरा मात्र चालतो : ७५० चौ. सेंमी जागा, घरटे, बसायला दांडी, उकरायला भुसा. पिंजरे अजून दिसतात ते यामुळे.

शिवाय निर्देश प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवून फार्मवर राबवायचा असतो, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. बारा वर्षे मिळूनही इटली आणि ग्रीस मागे राहिले. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने दोघांविरुद्ध निकाल दिला.

कलम १३ चे खरे वजन दिसते ते न्यायालयात. धार्मिक विधींचा मान राखा, असेही तेच कलम म्हणते. तरी कत्तलीपूर्वी जनावर बेशुद्ध करण्याची बेल्जियममधील फ्लँडर्सची सक्ती डिसेंबर २०२० मध्ये वैध ठरली. अट एवढीच, की धार्मिक कत्तलीत ही बेशुद्धी प्राणघातक नसावी.