आईबाप होण्यातली मजा आणि ओढाताण दाखवणारे सिनेमे सुचवाल का?

एकच बघायचा असेल तर ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ (१९७९). बायको घर सोडून गेलीय आणि सकाळी डस्टिन हॉफमन मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो. पाव दुमडून मगात कोंबतो, सगळा पसारा होतो, हाताला चटका बसतो. शेवटाकडे तेच बापलेक तोच टोस्ट करतात, एक शब्द न बोलता, सराईतपणे. मधल्या काळात तो बाप झालाय हे सांगायला संवाद लागतच नाही.

जपानी चालत असेल तर ‘लाइक फादर, लाइक सन’ (२०१३). जन्मावेळी मुलांची अदलाबदल झाल्याचं सहा वर्षांनी कळतं. कॅमेऱ्यात मुलाने गुपचूप काढलेले, झोपलेल्या बापाचे फोटो सापडतात तिथे मी सिनेमा थांबवून उठलो होतो. रुमाल जवळ ठेवा.

‘बॉयहूड’ (२०१४) पावणेतीन तासांचा, जरा संथ. पण तेच कलाकार बारा वर्षं चित्रित केलेत. मुलगा कॉलेजला निघतो तेव्हाचं आईचं रडणं चुकवू नका.

मुलांसोबत बघायला ‘फाइंडिंग नीमो’ (२००३). पोरांना तो नीमोचा वाटतो. आपल्याला कळतं, तो धास्तावलेल्या बापाचा आहे.