दिवसभर फॉर्म भरायला किती हर्ट्झचा मॉनिटर बरा?

तुम्ही विचारलंय की सेलूला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, रोज दहा-बारा तास स्क्रीनसमोर जातात आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होऊन कपाळ ठणकायला लागतं. दुकानदार म्हणतो 144 हर्ट्झचा घ्या, त्रास जाईल. तर 60, 75, 100 की 144? (हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा, यालाच रिफ्रेश रेट म्हणतात.)

100 चा मिळाला तर घ्या, 75 चा असला तरी काम भागेल. 144 साठी जास्तीचे पैसे घालू नका. दुकानदार सांगतोय ती गोष्ट जुन्या जाड्या मॉनिटरची आहे आणि त्या काळी ती शंभर टक्के खरी होती.

परभणीत मी 2001 पासून डीटीपी करतो. सुरुवातीला माझ्याकडं 15 इंची सीआरटी, म्हणजे तसलाच जाडा मॉनिटर होता. त्याच्या काचेवर किरण वरून खाली सेकंदाला साठ वेळा फिरायचा आणि एकदा फिरून गेला की तो भाग लगेच विझायचा. समोरून बघताना फारसं जाणवायचं नाही. पण शेजारी ठेवलेल्या हस्तलिखिताकडं मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात स्क्रीन फडफडताना स्पष्ट दिसायची, कारण नजरेच्या कडेला ही फडफड जास्त लवकर पकडली जाते. लग्नसराईत रात्री पत्रिका जुळवताना तर डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी एका मेकॅनिकनं रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या ओळीतल्या ठिपक्यांची संख्या, 1024 वरून 800 वर आणलं आणि रिफ्रेश रेट 85 केला. स्क्रीन एकदम शांत झाली. भिंतीवरचं चित्र असावं तशी. तो क्षण मी विसरलेलो नाही.

त्याच मेकॅनिकनं मॉनिटरला चिकटून ठेवलेला स्टॅबिलायझरही लांब सरकवला. आपल्याकडं व्होल्टेजचा भरवसा नसल्यानं तो प्रत्येक टेबलावर असायचाच. आपली वीज 50 हर्ट्झची, स्क्रीन 60 ची. स्टॅबिलायझरच्या चुंबकत्वानं किरण हलायचा आणि दोन्हीतल्या फरकाएवढी, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, अक्षरं थरथरायची. तो दोन हात लांब गेला आणि थरथर थांबली.

आताच्या पातळ एलसीडी मॉनिटरचं तसं नाही. तिथं प्रत्येक ठिपका पुढचा बदल येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो, मध्ये विझत नाही. त्यामुळं 60 वरही स्क्रीन फडफडत नाही. हर्ट्झ वाढल्यानं फायदा होतो तो हालचालीत. सातबारा किंवा लांबलचक पीडीएफ सरकवताना अक्षरं कमी पुसट होतात, कर्सर हाताबरोबर चालतो. 60 ला नवं चित्र 16.7 मिलिसेकंदांनी येतं, 100 ला 10 नी, 144 ला साधारण 7 नी. पहिल्या उडीत जवळजवळ सात मिलिसेकंद वाचतात, दुसरीत तीनच. गेम खेळणाऱ्याला ते तीन मोलाचे असतील, पण आधार नंबर टाकताना ते कळतही नाहीत.

मग तुमचं कपाळ का ठणकतं? माझा पहिला संशय बॅकलाइटवर आहे. काही मॉनिटरमध्ये ब्राइटनेस कमी केला की मागचा दिवा खरोखर मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतो. ब्राइटनेस जितका कमी, तितका तो जास्त वेळ बंद. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण काहींचं डोकं हमखास दुखतं, माझंही दुखायचं. याचा रिफ्रेश रेटशी संबंध नाही, 144 च्या मॉनिटरमध्येही हा दोष असू शकतो. म्हणून नवा घेताना खोक्यावर ‘फ्लिकर फ्री’ लिहिलंय का ते आधी बघा.

हे घरीच तपासता येतं. ट्यूबलाइट बंद करा, कारण जुन्या चोकची ट्यूब स्वतःच सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि स्क्रीनसमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धुरकट पट्टा दिसला तर मॉनिटर ठीक आहे. एकाशेजारी एक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. तसं निघालं तर नवा येईपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवा आणि दुकानातला उजेडही त्याला शोभेल एवढा ठेवा.

नवा आणल्यावर आकडा स्वतः बघून घ्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथं रिफ्रेश रेट दिसतो. 100 चा मॉनिटर आणून वर्षभर 60 वरच चालवणारे मी पाहिलेत. जुनी व्हीजीए केबल तशीच लावली असेल तर बऱ्याच मॉनिटरांवर वरचा आकडा येतच नाही, एचडीएमआय लावा.

आणि कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की आपण पापणी लवायचंही विसरतो, त्यात वारा लागला की डोळे कोरडे पडतात. वय चाळिशीच्या आसपास असेल तर चष्म्याचा नंबर आधी तपासा, मॉनिटरचं नंतर बघू.

आज रात्री दुकान बंद करण्याआधी पेन्सिलीचं करून बघा. काय दिसलं ते आणि मॉनिटरचं मॉडेल इथं लिहा, मग कोणता घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.