स्वभावाने अगदी उलट असलेल्या दोघांनी मिळून ध्रुवीय मोहिमेला जावं का?

तुम्ही लिहिलंय की मित्र घड्याळाच्या काट्यावर चालणारा, तुम्ही मनाला येईल तसं करणारे, आणि दोघांना मिळून बर्फावर स्कीवरून मोठी मोहीम करायची आहे. जमेल का, आणि तयारीला किती वेळ लागेल?

जमेल. उलट स्वभावाचा आहे म्हणूनच जमेल. एकसारखी दोन माणसं एकाच वेळी एकच चूक करतात आणि ती दाखवून द्यायला तिसरं कोणी नसतं.

मी गुहागरचा, नारळ-सुपारीच्या बागेत वाढलेला. माझा जोडीदार पुण्याचा, हिमालयात मुरलेला गिर्यारोहक, वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. एका परदेशी मार्गदर्शकाच्या तुकडीतून ग्रीनलंडचा बर्फ ओलांडायचं ठरलं, पश्चिमेच्या कांगेरलुसुआकहून पूर्वेच्या इसोर्तोकपर्यंत. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि सगळं सामान घसरगाडीवर लादून ती कमरेला बांधून आपणच ओढायची. बर्फ नसेल तिथे याचा सराव जगभर टायर ओढून करतात. दादा म्हणाला, पुण्यात टेकडीवर करू. मी म्हटलं, पुळणीवर ये. ओहोटीच्या ओल्या वाळूत टायर सरळ मागे येतो, भरतीच्या रेषेच्या वर सुक्या वाळूत तोच टायर रुतून बसतो. हलका-जड दोन्ही सराव एकाच जागी.

शृंगारतळीच्या गॅरेजमधून ट्रकचे जुने टायर आणले आणि गावाच्या एका टोकाच्या खालच्या पाटापासून दुसऱ्या टोकाच्या वरच्या पाटापर्यंत ओढायला लागलो. माणसं सुरूच्या बनाच्या सावलीत उभी राहून विचारायची, "बैल मिळाले नाय काय रे?"

दादाचं गणित ठरलेलं. पन्नास मिनिटं ओढायचं, दहा मिनिटं थांबायचं, वेळ झाली की शिट्टी. मी सांगत होतो की ओहोटी बघून पहाटे निघू आणि ऊन चढायच्या आत घरी येऊ. तो म्हणायचा, "बर्फावर ओहोटी नसते." खरं होतं ते. पण एप्रिलात कोकणात ऊन असतं, दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच जातं. एका दुपारी तो वेळापत्रक पुरं करायच्या हट्टाने सुक्या वाळूत ओढत राहिला आणि पोटऱ्यांत गोळे येऊन आडवा झाला, ओकला. खिशात खायला काय, तर गोड जेलच्या पुड्या. त्याला बनात ओढत नेला, शहाळ्याच्या पाण्यात मीठ घालून घोट घोट पाजलं, ओले पंचे अंगावर टाकले. संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही वाटणी केली. दिशा, वेळ, तंबू कधी टाकायचा, हे त्याचं. खाणं, स्टोव्ह, इंधन माझं. दुसऱ्याने एकदा हरकत घ्यायची, मग गप्प बसायचं.

ग्रीनलंडमध्ये हीच वाटणी कामाला आली. पांढऱ्या धुक्यात मला पुढे रेटायचं होतं, दादा म्हणाला थांबायचं, मार्गदर्शकही तेच म्हणाला, थांबलो. खाण्यात मात्र दादा माझ्या वाटेला गेला नाही.

जुन्या मोहिमांतही हेच दिसतं. नॉर्वेचे दोघं, नान्सेन शास्त्रज्ञ, योहान्सेन कसलेला जिम्नॅस्ट. 1895 मध्ये दोघं ‘फ्राम’ जहाज सोडून निघाले, उत्तर ध्रुवाच्या दिशेने 86 अंश 14 मिनिटं अक्षांशापर्यंत पोचले, फ्रान्झ योसेफ लँड या उत्तरेच्या बेटांवर दगडांच्या खोपीत हिवाळा काढला आणि जिवंत परतले. शेवटचा शब्द नान्सेनचा, हे दोघांनाही मान्य होतं. तोच योहान्सेन 1911 मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत अमुंडसेनबरोबर होता. अमुंडसेन फार लवकर निघाला, थंडीमुळे त्याला माघार घ्यावी लागली, आणि परतताना योहान्सेनने मागे राहिलेल्या प्रेस्ट्रुडचा जीव वाचवला. मग सर्वांसमोर अमुंडसेनला सुनावलं, म्हणून त्याला ध्रुवाच्या तुकडीतून काढलं. 1926 ला अमुंडसेन, पैसे देणारा एल्सवर्थ आणि एअरशिप, म्हणजे वायूवर तरंगणारं हवाई जहाज, बांधणारा नोबिले उत्तर ध्रुवावरून अलास्काला सुखरूप उतरले आणि नंतर मोहीम कोणाची यावरून जाहीर भांडले. 1928 मध्ये नोबिलेची दुसरी एअरशिप कोसळली तेव्हा त्याला शोधायला निघालेला अमुंडसेन विमानासकट बेपत्ता झाला. नोबिले वाचला.

श्रेयाचं हे मला आतून कळतं. परतल्यावर पुण्यातल्या एका व्याख्यानात दादाने सांगितलं की आहाराचं नियोजन "आम्ही शास्त्रीय पद्धतीने केलं". मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शास्त्रीय पद्धतीने म्हणजे माझ्या आईने परातीत केलं. सुकं खोबरं भाजून, काजू, तूप, थोडा गूळ. सुकं खोबरं 100 ग्रॅमला 650 कॅलरींच्या वर जातं, तूप 900 च्या जवळ, आणि दादाचे विकतचे बार 400 च्या आसपास. गाडी स्वतः ओढायची असेल तर प्रत्येक किलोत जास्त ऊर्जा मावली पाहिजे. ब्रिटनचे फाइन्स आणि डॉक्टर स्ट्राउड 1992-93 मध्ये अंटार्क्टिका ओलांडताना रोज 5000 कॅलरींच्या वर, त्यातही बरीचशी चरबी, खात होते, तरी दोघांचंही वजन प्रत्येकी 20 किलोंहून जास्त उतरलं. तेही एक लष्करातला, एक डॉक्टर, वाटेत एकमेकांवर वैतागलेले, आणि तरी 2003 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन पळायला पुन्हा एकत्र. खोबऱ्याला हसणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी हा आहार नीट बघावा. दादा, तू वाचत असशील तर तूही.

लाडू मात्र वळू नका, थंडीत दगड होतात. भुगाच पिशवीत भरा आणि चमच्याने खा. तूप गरम खिचडीत घाला.

हेही सांगतो की आमच्याबरोबर अनुभवी मार्गदर्शक होता. फक्त दोघंच जाणार असाल तर बर्फातल्या भेगा, हिमदंश आणि सुटकेची सोय हे शिकल्याशिवाय निघू नका. हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर एवढं तूप-खोबरं डॉक्टरांना विचारूनच. तयारीला आम्हाला दोन उन्हाळे गेले, तुमचं तुमच्या पायांवर अवलंबून. मित्राला घड्याळ द्या, स्टोव्ह तुम्ही घ्या, आणि परतल्यावर व्याख्यान कोण देणार हे निघायच्या आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.